क्यूचं टपाल: व्हिक्टोरियाकालीन वनस्पतिशास्त्रज्ञांची पत्रं आणि गाऱ्हाणी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सप्टेंबरात सड्यावर फुलं बघायला गेलं की कुणीतरी हमखास विचारतं, "लॅटिन नावामागचं हे शेपूट कुणाचं?" त्या शेपटात डालझेल असतो, वाइट असतो, बेंथॅम असतो, हूकर तर असतोच. मग गाडी पुण्यात शिरेपर्यंत या मंडळींच्या पत्रांच्या आणि भांडणांच्या गोष्टी चालतात. दर वर्षी प्रश्न तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

हे लोक नेमके कोण? आणि सारखं 'क्यू, क्यू' काय असतं?

क्यू ही लंडनच्या पश्चिमेला टेम्सकाठची राजघराण्याची बाग. १८४० मध्ये ती सरकारकडे आली आणि १८४१ मध्ये विल्यम हूकर तिचा संचालक झाला. १८६५ मध्ये तो वारला आणि मुलगा जोसेफ त्याच्या खुर्चीवर बसला. १८८५ मध्ये जोसेफ निवृत्त झाला आणि जावई थिसल्टन-डायर बसला, तो १९०५ पर्यंत. बाप, लेक, जावई मिळून चौसष्ट वर्षं. आपल्याकडच्या साखर कारखान्यांची आठवण झाली तर दोष माझा नाही.

खाली थोरला हूकर म्हणजे विल्यम, धाकटा म्हणजे जोसेफ. वनस्पतीच्या नावामागे 'हूक. एफ.' दिसलं की तो धाकटा. ते 'एफ' लॅटिनमधल्या 'मुलगा' या शब्दाचं. चौऱ्याण्णव वर्षं जगला, वडिलांपेक्षा मोठा झाला, पण नावात मुलगाच राहिला.

इतकी पत्रं लिहायची गरजच काय होती?

चार्ल्स डार्विन आणि धाकटा हूकर या दोघांमधलीच सुमारे १,४०० पत्रं आज हाती आहेत. जानेवारी १८४० मध्ये ब्रिटनात पेनी पोस्ट सुरू झालं. अर्ध्या औंसापर्यंतचं पत्र देशात कुठेही एका पेनीत जाऊ लागलं. त्याआधी अंतर आणि कागदाचे ताव मोजून पैसे लागत, आणि बहुधा ते पत्र घेणाऱ्याच्या माथी येत.

पण स्वस्त टपाल ही सोय झाली, ते कारण नव्हे. दूरदेशी रोपं गोळा करणाऱ्या बहुतेकांना क्यू पगार देत नसे. कुणी सर्जन, कुणी मिशनरी, कुणी कस्टममधला अधिकारी. टास्मानियातला रोनाल्ड गन १८३० च्या दशकापासून थोरल्या हूकरला रोपं दाबून, वाळवून पाठवत होता. बदल्यात पुस्तकं मिळायची, कागद मिळायचा. पाठवलेले नमुने ही मुद्दल धरा. छापील ग्रंथात आपलं नाव येणं, एखाद्या रोपाला आपलं नाव मिळणं, हे व्याज. सगळा हिशेब पत्रांतून चालायचा. व्याज थकलं की त्याच पत्रांतून गाऱ्हाणी सुरू व्हायची. खालच्या जवळजवळ प्रत्येक भांडणाच्या मुळाशी हा थकलेला हिशेब सापडेल.

डार्विनने हूकरला 'खुनाची कबुली' दिली होती म्हणतात, ते काय प्रकरण?

तारीख ११ जानेवारी १८४४. धाकटा हूकर रॉसच्या अंटार्क्टिक मोहिमेवरून परतला त्याला काही महिनेच झाले होते. दोघांची ओळख अजून जुजबी होती. डार्विनने आपली गॅलापागोसची वाळलेली रोपं त्याच्याकडे अभ्यासाला दिली होती, आणि पत्रात बरंचसं त्याबद्दलच आहे: कुठल्या बेटावर काय उगवतं, तुझं काय मत, वगैरे. मग मध्येच तो सांगतो, की जाती अचल नसतात अशी आपली जवळजवळ खात्री झाली आहे. खुनाचं वाक्य तिथेच येतं, तेही कंसात. हे म्हणजे खून कबूल करण्यासारखं आहे, असं.

मला त्यातला कंस आवडतो. आयुष्यातली सर्वांत जोखमीची गोष्ट माणूस कंसात घालून टपालपेटीत टाकतो.

हूकरने महिना संपायच्या आत उत्तर दिलं. ना धक्का, ना उपदेश. जाती हळूहळू बदलत असतीलही, सध्याच्या मतांनी माझं समाधान होत नाही, तेव्हा तुम्हाला हे कसं घडत असावं वाटतं ते ऐकायला आवडेल, अशा आशयाचं. स्वतः जाहीरपणे डार्विनच्या बाजूने उभं राहायला मात्र त्याने १८५९, म्हणजे डार्विनचा उत्क्रांतीवरचा ग्रंथ निघाला ते साल, उजाडू दिलं.

या पत्रांत फक्त शास्त्रच असतं का?

छे. पोटदुखी, नोकर, मुलांचे ताप, सहकाऱ्यांच्या चुगल्या, सगळं असतं.

एक पत्र मात्र चटकन पुढे ढकलता येत नाही. सप्टेंबर १८६३ च्या अखेरीस हूकरची सहा वर्षांची मुलगी मारिया गेली. घरात तिला मिनी म्हणत. तिला पुरून आल्यावर हूकरने लगेच डार्विनला लिहिलं: माझ्या लाडक्या मुलीला नुकतंच पुरून आलो आहे. डार्विन तेव्हा प्रकृतीसाठी मॉल्व्हर्न या गावी राहत होता. बारा वर्षांपूर्वी त्याची दहा वर्षांची ॲनी याच गावात गेली होती आणि तिथेच पुरली होती. त्या मुक्कामात डार्विन कुटुंब तिच्या थडग्याचा दगड शोधत होतं, आणि तो लवकर सापडत नव्हता. हूकरचं पत्र त्याच दिवसांत येऊन पडलं.

भांडणं मुख्यतः कशावरून व्हायची?

नावावरून. कुठल्याही रोपाला पहिल्यांदा रीतसर नाव देऊन वर्णन छापेल त्याचं नाव कायमचं मागे लागतं. त्यामुळे प्रश्न उभा राहायचा: नाव द्यायचा हक्क कुणाचा? डोंगर चढून रोप पाहणाऱ्याचा, की लंडनला कपाटाशेजारी बसून पन्नास देशांतले नमुने ताडून पाहणाऱ्याचा?

त्यात दोन तट होते, फोडणारे आणि जोडणारे. फोडणारा पानाची लव थोडी कमी दिसली की नवी जात मांडायचा. जोडणारा म्हणायचा, अरे, हे तेच आहे, उन्हात वाढलंय इतकंच. धाकटा हूकर पक्का जोडणारा. स्थानिक माणूस बहुधा फोडणारा, कारण त्याने ते रोप बारा महिने तेरा काळ पाहिलेलं असायचं.

न्यूझीलंडचा विल्यम कोलेन्सो घ्या. मिशनचा छापखाना चालवायला गेलेला माणूस. १८४१ मध्ये धाकट्या हूकरचं जहाज तिथे मुक्कामाला असताना दोघे बरोबर हिंडले. पुढे कोलेन्सोने वर्षानुवर्षं क्यूला गठ्ठेच्या गठ्ठे पाठवले. माओरी लोकांत राहून तो त्यांची भाषा शिकला होता, आणि रोपांना त्यांची नावं लागावीत असा त्याचा आग्रह असे. नेच्यांत (म्हणजे फर्नांत) त्याला नव्या जातीच जाती दिसत. हूकरने त्याला साफ कळवलं, की तुमच्याकडे हर्बेरियम (वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह) नाही, त्यामुळे जगात सर्वांना ठाऊक असलेले नेचे तुम्ही नवे म्हणून वर्णन केलेत. खरं होतं ते. पण जगातले नेचे एका छताखाली जमले होते ते कोलेन्सोसारख्यांनी पाठवले म्हणूनच, हे वाक्य पत्रात असतं तर बरं झालं असतं.

हूकरने न्यूझीलंडच्या वनस्पतींवरचा ग्रंथ ज्या तिघांना अर्पण केला त्यांत कोलेन्सो होता. थोडं व्याज पोचलं म्हणायचं. कोलेन्सो ऐकणारा नव्हताच. साठी-सत्तरी ओलांडल्यावरही तो नव्या जाती छापत राहिला.

ऑस्ट्रेलियाचा ग्रंथ तिथल्या माणसाने का लिहिला नाही?

हा माझा आवडता प्रश्न, म्हणून जरा लांबण लागेल.

फर्डिनांड म्यूलर हा जर्मन औषधशास्त्र शिकून १८४७ मध्ये ऑस्ट्रेलियात उतरला. १८५३ मध्ये व्हिक्टोरिया वसाहतीचा सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ झाला, १८५७ पासून मेलबर्नच्या बागेचा संचालक. घोड्यावरून हजारो मैल हिंडलेला. त्या खंडाच्या वनस्पतींचा सर्वंकष ग्रंथ आपण लिहायचा हे त्याच्या मनात पक्कं होतं. त्याच्याइतकं ते रान कुणी पाहिलंही नव्हतं.

अडचण कपाटात होती. १७७० मध्ये कॅप्टन कुकच्या मोहिमेत निसर्गशास्त्रज्ञ बँक्सने गोळा केलेले नमुने लंडनला, त्याच्यामागून गेलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउनचे लंडनला. ज्यावरून मूळ नाव दिलं गेलं तो वाळका नमुना डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आपलं रोप तेच की वेगळं, हे सांगता येत नाही. म्यूलरला सुचवलं गेलं की इंग्लंडला येऊन राहा. तो मेलबर्न सोडून गेला नाही.

मग काम जॉर्ज बेंथॅमकडे गेलं. बेंथॅम वकिली शिकलेला, खाऊनपिऊन सुखी. आपला सगळा संग्रह क्यूला देऊन टाकून तिथे बिनपगारी काम करणारा. त्याने ऑस्ट्रेलियात कधी पाऊल ठेवलं नाही. १८६३ ते १८७८, सात खंड, आठ हजारांहून अधिक जाती. आणि हे शक्य कसं झालं? म्यूलरने आपलं हर्बेरियम कुळाकुळाने पेट्यांत भरून लंडनला पाठवलं. बेंथॅमने पाहायचं, पेटी परत, मग पुढची पेटी. समुद्रमार्गे. पंधरा वर्षं. मुखपृष्ठावर लेखक बेंथॅम आणि 'साहाय्य' म्यूलर.

मला विचाराल तर निर्णय बेंथॅमच्या बाजूने बरोबर होता. तो ग्रंथ पुरा झाला, आणि म्यूलरच्या हाती तो कधी पुरा झाला असता अशी खात्री त्याची पत्रं वाचून वाटत नाही, इतका तो एकाच वेळी दहा कामांत असे. पण आपल्याच गोळा केलेल्या पेट्या आपणच खिळे ठोकून दुसऱ्याच्या ग्रंथासाठी बोटीवर चढवायच्या, याला जे मन लागतं ते म्यूलरकडे होतं.

त्याचं खरं दुखणं पुढचं आहे. मेलबर्नच्या लोकांना हिरवळ, कारंजी, बसायला बाकं हवी होती. याच्या बागेत शास्त्रशुद्ध रांगा आणि पाट्या. १८७३ मध्ये बाग त्याच्याकडून काढून विल्यम गिलफॉइलला दिली. सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ हे पद राहिलं, बाग गेली. १८९६ मध्ये मरेपर्यंत तो या अन्यायाबद्दल जगभर लिहीत राहिला.

क्यूच्या संचालकालाच सरकारने छळलं, हे खरं का?

खरं. आणि तिथे पत्रांचं दुसरं रूप दिसतं.

१८६९ मध्ये ॲक्टन एअर्टन हा ग्लॅडस्टनच्या सरकारात सार्वजनिक बांधकाम खात्याचा प्रमुख झाला. क्यू या खात्याखाली येई. काटकसर हा त्याचा धर्म आणि उद्धटपणा हा स्वभाव. धाकट्या हूकरला न विचारता हुकूम निघू लागले. काचघरं गरम ठेवायच्या यंत्रणेवरचा ताबा हूकरकडून काढून घेतला गेला, तोही त्याला न सांगता. विषुववृत्तावरची झाडं लंडनच्या जानेवारीत जगवायची जबाबदारी हूकरवर, आणि बॉयलर दुसऱ्याच्या हाती! ज्याने सरकारी खात्यात नोकरी केली आहे त्याला ही जात ओळखीची वाटेल.

हूकरने आधी वरिष्ठांना लिहिलं, मग थेट ग्लॅडस्टनच्या कचेरीला, आणि मग मित्रांना. जून १८७२ मध्ये लायेल, डार्विन, बेंथॅम, हक्सली, टिंडल अशा नामांकित शास्त्रज्ञांच्या सह्यांचं निवेदन पंतप्रधानांकडे गेलं. संसदेत हूकरची बाजू जॉन लबॉकने मांडली.

याच सुमारास उघडकीला आलं, की ब्रिटिश म्युझियमच्या रिचर्ड ओवेनने एअर्टनला क्यूविरुद्ध एक अहवाल लिहून दिला होता. क्यूचं हर्बेरियम म्हणजे परदेशी वाळक्या तणांना रानटी लॅटिन नावं चिकटवण्याचा उद्योग, असा त्याचा सूर. त्यामागे जुनं दुखणं होतं: देशाचा मुख्य वनस्पतिसंग्रह म्युझियमचा की क्यूचा? ऑगस्ट १८७२ मध्ये डार्विनने हूकरला लिहिलं, की ओवेनचा इतका द्वेष करतो याची मला आजवर लाज वाटत असे, यापुढे मात्र तो द्वेष आणि तिरस्कार मरेपर्यंत नीट जपून ठेवीन. एरवी मुंगीलाही दुखावायला कचरणारा माणूस!

शेवट? हूकर जागेवर राहिला आणि १८७३ मध्ये रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. एअर्टनला त्याच वर्षी दुसऱ्या पदावर हलवलं.

भारतात अशी भांडणं झाली का?

सर्वांत कडवट भांडण कलकत्त्याचंच. नॅथॅनियल वॉलिच हा डेन्मार्कचा सर्जन शिबपूरच्या कंपनी बागेचा कित्येक वर्षं प्रमुख होता. विल्यम ग्रिफिथ त्याच्याहून चोवीस वर्षांनी लहान, बुद्धीने तल्लख, जिभेने तिखट. १८३५ मध्ये आसामात चहाचं झाड पाहायला दोघांना एकत्र पाठवलं, आणि तिथून दोघांचं बिनसलं ते बिनसलंच.

१८४२ मध्ये वॉलिच आजारपणाच्या रजेवर दक्षिण आफ्रिकेत केपला गेला आणि बाग ग्रिफिथच्या ताब्यात आली. ग्रिफिथच्या मते ती बाग नव्हतीच, नुसतं रम्य उद्यान होतं. त्याने शास्त्रीय वर्गीकरणानुसार नवी मांडणी काढली आणि त्यासाठी कुऱ्हाड चालवली. १८४८ मध्ये धाकटा हूकर तिथे पोचला तेव्हा त्याने जे पाहिलं ते प्रवासवर्णनात लिहून ठेवलंय: येणारे-जाणारे ज्याचं कौतुक करत तो सायकसच्या झाडांचा दुतर्फा रस्ता नाहीसा, आणि त्याच हाताने साग, महोगनी, लवंग, जायफळ, दालचिनीच्या राया साफ.

१८४४ मध्ये वॉलिच परतला आणि आपल्या उभ्या आयुष्याच्या कामाची ती मोकळी जमीन पाहिली. ग्रिफिथ मलाक्काला गेला आणि फेब्रुवारी १८४५ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी वारला. वनस्पतिशास्त्रात दोघांत मोठा कोण, तर निःसंशय ग्रिफिथ. पण जायफळाचं झाड फळाला यायला किती वर्षं लागतात हे ठाऊक असलेला माणूस त्याला एवढ्यावर सोडणार नाही.

महाराष्ट्राचा यात काही भाग?

आहे. पुण्याजवळ दापोडीला गव्हर्नरच्या बंगल्यालगत १८२८ मध्ये सर जॉन माल्कमच्या काळात सरकारी बाग निघाली. १८३८ पासून ती अलेक्झांडर गिब्सनकडे होती. हा देवी टोचणारा डॉक्टर, पुढे मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक. कोकणातली झाडं तुटली तर खाड्या गाळाने भरतील, हे त्याने १८४० च्या दशकातच सरकारला लिहून कळवलं होतं.

कस्टममधला निकोल डालझेल आपल्या पश्चिम घाटातल्या नव्या जाती थोरल्या हूकरच्या नियतकालिकात छापायला पाठवायचा. १८६१ मध्ये डालझेल-गिब्सन यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ मुंबईतच छापून निघाला. मेलबर्नला जे जमलं नाही ते इथे जमलं, भले ग्रंथ लहानसा का असेना. जुन्नरकडच्या कड्यांवरच्या शिंदळ माकुडीला डालझेलने गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या नावाने नवी प्रजाती (जातीच्या वरचा गट, इंग्रजीत जीनस) दिली, फ्रेरिया. साहेबाला खूश ठेवायची रीत तेव्हाही होती. गंमत म्हणजे जोडणाऱ्यांनी आता ती प्रजाती दुसरीत विलीन केली आहे. तरी फ्रियरचं नाव जातीच्या जागी शिल्लक आहेच.

एक गाऱ्हाणं मात्र कुणी पत्रात लिहिलंच नाही. १८४७ ते १८५० या काळात गिब्सनने दापोडीच्या बागेतल्या झाडांची शंभराहून अधिक रंगीत चित्रं एका चित्रकाराकडून काढून घेतली. ती आज एडिंबराच्या बागेत आहेत. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता एवढीच नोंद राहिली. त्याच काळात मद्रासेत रॉबर्ट वाइटने आपल्या रंगय्या आणि गोविंदू या चित्रकारांची नावं जपली, म्हणजे जपता येत होती.

यात बायका कुठे होत्या?

नमुने पाठवण्यात, चित्रं काढण्यात पुष्कळ. सभेत नाही.

मँचेस्टरच्या लिडिया बेकरने १८६३ पासून डार्विनशी पत्रव्यवहार केला. एका रानफुलाच्या मादी फुलांना बुरशी लागली की पुंकेसर फुटतात, हे तिने टिपलं होतं. १८६७ मध्ये तिने बायकांची अभ्यासमंडळी काढली तेव्हा पहिल्या बैठकीत वाचायला डार्विनने आपलं लेखन पाठवलं. पुढे ती बायकांच्या मताधिकाराच्या चळवळीत गेली.

दुसरी बिएट्रिक्स पॉटर, सशांच्या गोष्टींमुळे सर्वांना माहीत असलेली. ती अळंबीचे बीजाणू रुजवून सूक्ष्मदर्शकाखाली चित्रं काढत असे. १८९६ मध्ये तिच्या रसायनशास्त्रज्ञ काकांनी तिला क्यूला नेलं. संचालक थिसल्टन-डायरने तिला उडवून लावलं. आपला संताप तिने सांकेतिक लिपीतल्या रोजनिशीत लिहिला. १ एप्रिल १८९७ रोजी तिचा निबंध लंडनच्या लिनियन सोसायटी या निसर्गशास्त्रज्ञांच्या संस्थेत क्यूच्या जॉर्ज मॅसीने सादर केला, कारण बायकांना त्या बैठकीत प्रवेशच नव्हता. सोसायटीने बायकांना सभासद करून घ्यायला १९०४ साल उजाडलं.

सर्वांत जास्त अन्याय कुणावर झाला?

माझं मत रिचर्ड स्प्रूसला. १८४९ पासून पंधरा वर्षं ॲमेझॉन आणि अँडीजमध्ये काढली, गाठीचे पैसे तिकडच्या एका पेढीत बुडाले, प्रकृती कायमची खचली. १८६० मध्ये त्याने इक्वेडोरमधून सिंकोनाच्या, म्हणजे ज्याच्या सालीतून हिवतापावरचं क्विनाइन निघतं त्या झाडाच्या, बिया नि रोपं मिळवून दिली. निलगिरीवर क्विनाइनची लागवड उभी राहिली त्यात त्याचा मोठा वाटा. बदल्यात? १८६५ मध्ये वर्षाला ५० पौंडांचं निवृत्तिवेतन, आणि सिंकोना भारतात नेण्याच्या मोहिमेचा प्रमुख क्लेमंट्स मार्कम याने लकडा लावल्यावर १८७७ मध्ये भारत सरकारकडून आणखी ५०. यॉर्कशायरमधल्या एका खोपटात झोपून झोपून तो लिव्हरवर्ट या शेवाळासारख्या चिमुकल्या वनस्पतींवर लिहीत राहिला. त्याच्या पत्रांत तक्रार सर्वांत कमी आहे.

ही पत्रं वाचायला कुठे मिळतील?

डार्विनची पंधरा हजारांहून अधिक पत्रं टिपांसह तीस खंडांत छापून झाली आहेत आणि इंटरनेटवर फुकट आहेत. क्यूच्या संचालकांना आलेली पत्रंही मोठ्या प्रमाणात स्कॅन झाली आहेत. भारतातून गेलेली पत्रं त्यांतच शोधा. हूकरचं अक्षर म्हणजे डॉक्टरची चिठ्ठी, त्यामुळे सुरुवातीला छापील मजकूर शेजारी ठेवा. नवख्याने १८४४ पासून क्रमाने सुरू करू नये, दमायला होतं. १८७२ चा उन्हाळा काढा. एअर्टन, ओवेन, बॉयलर, सगळे एकदम भेटतील.